आठ मैलांची रेल्वे आणि चोवीस फुटांचं टेबल



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा संपादक मंडळाने बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी लिही, भाषण नको." पण माझ्या आठवणीत शाळा आणि रेल्वे वेगळ्या निघत नाहीत. सकाळच्या शाळेत दुसऱ्या तासाला जलंबहून येणारी गाडी शिट्टी द्यायची आणि आपले भूगोलाचे सर खडू खाली ठेवून म्हणायचे, "आली अमेरिकेची गाडी." नव्या मुलांना हे कळत नसे. मग सर विचारायचे, "खामगावात रेल्वे कशामुळे आली?" कुणी म्हणे इंग्रजांमुळे, कुणी म्हणे कापसामुळे. सर म्हणायचे, "अर्धं बरोबर. अमेरिकेतल्या लढाईमुळे आली."

१९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक देऊन आपण बाहेर पडलो, त्याला यंदा पन्नास वर्षं झाली. सरांचं ते वाक्य मला खरं समजायला मात्र वयाची पासष्टी उलटावी लागली. यंदाच्या मेळाव्यात शाळेच्या हॉलमध्ये जलंब-खामगाव रेल्वेचं जे चालतं मॉडेल तुम्हाला दिसेल, त्यामागची हकिगत आणि इतिहास या लेखात सांगतो.

शिकागोत सुचलेली गोष्ट

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे शिकागोला गेलो होतो. तिथे विज्ञान आणि उद्योगांचं एक मोठं संग्रहालय आहे. त्यात शिकागो ते सिएटल या रेल्वेमार्गाचं साडेतीन हजार चौरस फुटांचं मॉडेल मांडलेलं आहे. एका टोकाला शिकागोच्या उंच इमारती, त्यांच्यामधून धावणाऱ्या लोकल गाड्या, मालधक्के. मग गव्हाचा प्रदेश, डोंगर, बोगदे आणि दुसऱ्या टोकाला बंदर. नातू दहा मिनिटांत कंटाळला. मी दोन तास तिथून हललो नाही.

मला गाड्यांपेक्षा शहराचं जास्त नवल वाटलं. रूळ शहराच्या पोटात कसे शिरतात, गोदामाच्या मागच्या दाराशी कसे थांबतात, रस्ता आणि रूळ एकमेकांना कुठे छेदतात, हे वरून पाहिलं की त्या गावाचा धंदा काय हे न सांगता कळतं. अमेरिकेत हा छंद फार जुना आहे. लोक तळघरात वीस-वीस वर्षं खपून आपल्या गावची बंद पडलेली रेल्वे पुन्हा उभी करतात. अमुक साल, अमुक महिना ठरवतात आणि त्या दिवशी जी पाटी स्टेशनवर होती तीच लावतात.

आपल्याकडेही हे नाही असं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ला सुरू झालं. एका खोलीत अख्खं शहर: रस्ते, सर्कस, वाफेची इंजिनं, आधुनिक गाड्या. परत आल्यावर मी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी बाहेर पडताना मनाशी म्हटलं, शिकागो झालं, पुणं झालं. आता खामगाव का नको?

ती लढाई आणि आपला कापूस

आता सरांच्या वाक्याकडे येऊ.

१८६० साली इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येत होता. तो गुलामांच्या कष्टातून पिकत होता. एप्रिल १८६१मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि कापूस अडकला. वर्षभरात लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या, हजारो कामगार उपाशी राहू लागले. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर आपल्याकडे वळली.

वऱ्हाड १८५३च्या तहानंतर निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेलंच होतं. योगायोग असा, की त्याच १८५३च्या १६ एप्रिलला मुंबई-ठाणे गाडी धावली होती. पण वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाणांचे तांडे तो थेट मिर्झापूरपर्यंत, गंगेच्या काठी नेत आणि तिथून तो नावेने कलकत्त्याला जाई. काही माल घाट उतरून मुंबईला जाई. वाटेत पाऊस, धूळ, चोऱ्या. पोहोचेपर्यंत पांढरं सोनं मातीच्या रंगाचं व्हायचं.

युद्धाच्या चार वर्षांत भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा जुगार झाला. प्रेमचंद रायचंद हे नाव तेव्हाचंच. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पण वऱ्हाडात जे बदललं ते परत फिरलं नाही. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी आली होती आणि रूळही येत होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला करत १८६७मध्ये नागपूरला पोहोचली.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. हा मार्ग पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून गेला, कारण सपाटीवर रूळ स्वस्तात पडतात. आपलं खामगाव राहिलं दक्षिणेला, बालाघाटाच्या पायथ्याशी. वऱ्हाडातला सर्वात मोठा कापूसबाजार इथे आणि गाडी आठ मैलांवर. बंड्यांच्या रांगा जलंबपर्यंत लागत. म्हणून सरकारने स्वतःच्या खर्चाने जलंबपासून खामगावपर्यंत फाटा काढला. तिचं नाव खामगाव स्टेट रेल्वे. त्याआधीच्या मोठ्या रेल्वे खासगी कंपन्यांच्या होत्या आणि सरकार त्यांना पाच टक्के व्याजाची हमी देत असे. त्या हमीचा बोजा जड होऊ लागल्यावर सरकारने स्वतः रेल्वे बांधायचं धोरण घेतलं. त्या धोरणातल्या अगदी सुरुवातीच्या मार्गांपैकी एक आपला आहे. पाठोपाठ बडनेरा-अमरावतीचा सहा मैलांचा फाटा झाला.

मार्च १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि हा मार्ग सुरू झाला. आठ मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय का यावा? आजूबाजूच्या तारखा पाहा. १० मे १८६९ला अमेरिकेचे पूर्व-पश्चिम किनारे जोडणारे रूळ युटा प्रांतातल्या प्रोमोन्टरी इथे जुळले. १७ नोव्हेंबर १८६९ला सुएझ कालवा खुला झाला. मार्च १८७०मध्येच जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पूर्ण झाला. त्याच वर्षी जूनमध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली. वर्ष-सव्वा वर्षात जग आखडलं, आणि त्या जाळ्यातला एक धागा आपल्या गावच्या बाजारापर्यंत येऊन पोहोचला. लिव्हरपूलचा भाव खामगावच्या अडत्याला कळायला पूर्वी महिने लागत, आता दिवस लागू लागले.

सरांचं वाक्य असं पूर्ण खरं होतं.

मॉडेलचं गणित

गावी येऊन मी चार-पाच जणांना गोळा केलं. आपल्यातला एक जण सुतारकामाचा कारखाना चालवतो, एक सराफ आहे, एक मैत्रीण इतिहास शिकवून निवृत्त झाली आहे आणि एक जण रेल्वेतच नोकरीला होता. सराफ मित्राने जुनं गोदाम वापरायला दिलं. खामगावच्या चांदीवर बारीक काम करणारे हात त्याच्याकडे होतेच, त्यामुळे खिडक्यांचे गज आणि सिग्नलचे हात त्याच्याच दुकानात झाले.

पहिली अडचण रुळांची आली. ती सांगतो, कारण तिच्यात गंमत आहे. बाजारात मिळणारे छोटे रूळ बहुतेक अमेरिका-युरोपच्या मापाचे. त्यांच्यातलं अंतर साडेसोळा मिलिमीटर आणि प्रमाण एकास सत्त्याऐंशी. गुणाकार केला की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे त्यांचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. त्यांच्या प्रमाणात आपली गाडी बांधली तर ती अरुंद रुळांवर पोट सुटलेल्या माणसासारखी दिसते. महिनाभर आम्ही त्यावर वाद घातला. शेवटी रेल्वेतल्या मित्राने कागदावर उलटा भागाकार केला: १६७६ भागिले साडेसोळा, उत्तर एकशे एक आणि थोडं. म्हणजे प्रमाण सरळ एकास शंभर धरलं, तर तेच परदेशी रूळ आपल्या ब्रॉडगेजला जवळपास तंतोतंत बसतात. पाव मिलिमीटरचा फरक राहतो. शिवाय एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर, हे गणित सुताराला आणि सराफाला लगेच समजलं.

तोटा असा की या प्रमाणाचे डबे, इंजिनं तयार मिळत नाहीत. खालची चाकं आणि मोटर आम्ही विकत आणली. वरचं इंजिन, डबे, वाघिणी सगळं पुठ्ठा, सनमायकाच्या पट्ट्या आणि पत्रा यांतून हाताने केलं.

दुसरी अडचण लांबीची. आठ मैल म्हणजे सुमारे बारा किलोमीटर आठशे मीटर. शंभराने भागलं तरी एकशे अठ्ठावीस मीटर. आपला हॉल तेवढा नाही. टेबल चोवीस फूट लांब, आठ फूट रुंद. त्यावर दोनदा वळण देऊन चौदा मीटर रूळ बसले. म्हणून निवड करावी लागली. जलंबचं जंक्शन थोडक्यात, मधली शेतं एका वळणात आणि टेबलाचा अर्ध्याहून अधिक भाग खामगावला: स्टेशन, मालधक्का, जिन-प्रेस, कापूसबाजार, बंड्यांचा अड्डा आणि मागे जनुन्याच्या दिशेची टेकडी. सगळं गाव मावत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हा प्रश्न पुढे आम्हाला चांगलाच नडला.

कोणता दिवस?

मॉडेलला एक दिवस ठरवावाच लागतो. अर्धं गाव १८७०चं आणि अर्धं आजचं असं चालत नाही. आमचं सर्वांचं मत झालं, मार्च १८७०. लॉर्ड मेयो उतरताहेत, कमानी, निशाणं, साहेबांच्या बग्ग्या. दिसायला झोकदार. इतिहासाच्या मैत्रिणीने जुन्या चित्रांवरून तेव्हाच्या इंजिनाचा आराखडाही काढला. मंडपाच्या कनाती शिवून झाल्या.

एके दुपारी प्लायवूड घेऊन तीनचाकी लोडर आला. चालवणारा आमच्याच वयाचा, डोक्याला गमछा. माल उतरवून तो टेबलापाशी थांबला. बराच वेळ पाहत राहिला. मग स्टेशनाकडे बोट करून म्हणाला, "हे आपलं टेसन व्हय ना? अन् हा मालधक्का?"

"हो."

"मंग माहा बाप कुठं हाये याच्यात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यानेच हसून सांगितलं, "वळखलं नाही का बे? आठवीत तुह्या मांगच्या बाकावर बसत होतो."

खरंच तो आपल्या वर्गातला होता. आठवी 'ब'. त्याचे वडील मालधक्क्यावर हमाल होते. नववीत असताना रचलेल्या थप्पीवरून एक गठाण घसरून त्यांच्या गुडघ्यावर आली. ठेकेदाराने चार दिवसांची मजुरी हातावर ठेवली आणि विषय संपवला. त्याची आई जिनात रुई वेचायला होतीच. दिवाळीच्या सुट्टीनंतर हा शाळेत आला नाही, वडिलांच्या जागी धक्क्यावर गेला. आणि आपण? आपल्यातल्या कुणी त्याच्या घरी जाऊन विचारलं असेल तर मला ठाऊक नाही. मी गेलो नव्हतो, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

या मेळाव्याची यादी आपण मॅट्रिकच्या रजिस्टरवरून केली. त्यात त्याचं नाव नव्हतं. असणार कसं?

त्या रात्री मंडळींत पुन्हा वाद झाला. इतिहासाच्या मैत्रिणीने एक गोष्ट सांगितली, ती मी इथे नोंदवतो. आपण या रेल्वेची गोष्ट नेहमी भरभराटीची म्हणून सांगतो; बाजार वाढला, जिन-प्रेस आल्या, गाव मोठं झालं. ते खोटं नाही. पण लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर पुस्तक लिहिलं आहे. त्याचा मुद्दा असा, की कापसाखाली जमीन गेली, गावातलं धान्याचं पेव रिकामं झालं आणि रुळांवरून कापसाबरोबर धान्यही बाहेर जाऊ लागलं; त्यामुळे १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत वऱ्हाडासारखा काळ्या मातीचा संपन्न मुलूख होरपळला. आपल्या आज्या ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणायच्या तो हाच. दुसरी बाजू अशी, की दुष्काळात बाहेरचं धान्य आत आणणारीही रेल्वेच होती. रूळ दोन्हीकडे जातात. कोणती वाघीण कुठे न्यायची हे ठरवणारा कोण, यावर सगळं अवलंबून.

हे ऐकताना मला १९७२ आठवला. आपण दहावीत होतो. पाऊस दगा देऊन गेला आणि रेशनच्या दुकानात लाल मिलो आली. तिची भाकरी तव्यावरच फाटायची. ती मिलो अमेरिकेहून आली होती. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेची लढाई आपला कापूस घेऊन गेली आणि त्या दुष्काळात अमेरिकेचं जनावरांना घालायचं धान्य आपल्या ताटात आलं. सर गाडीला अमेरिकेची म्हणायचे, ते त्या वर्षी आणखी एका अर्थाने खरं झालं.

मग आम्ही कनाती उतरवल्या. लॉर्ड मेयोंच्या समारंभासाठी भिंतीवर एक फलक ठेवला, तो पुरेसा आहे. मॉडेलचा दिवस ठरला: जानेवारी १९७४ची सकाळ, कापसाचा हंगाम ऐन भरात, आपली मॅट्रिकची परीक्षा दोन महिन्यांवर.

त्याने शिकवलेलं

१९७४ ठरल्यावर आमची पुस्तकं कमी पडू लागली आणि तो रोज संध्याकाळी येऊ लागला. मालधक्क्याचा पुढचा सगळा भाग त्याच्या सांगण्यावरून झाला आहे.

आम्ही हमालांच्या पाठीवर गठाणी दिल्या होत्या. त्याने त्या सगळ्या काढायला लावल्या. दाबलेली गठाण १७० किलोची. त्याचे वडील आणि त्यांचा जोडीदार लोखंडी आकडे रुतवून तिला उलथत उलथत वाघिणीपर्यंत नेत. पाठीवर घेतात ती सुट्या कापसाची बोदं, आणि ती वाहणाऱ्याचं डोकं दिसतच नाही, फक्त पाय दिसतात. आम्ही गठाणी पांढऱ्या केल्या होत्या. तो म्हणाला, वरून तागाचं पोतं असते, पट्ट्या असतात, पांढरं फक्त कोपऱ्यात दिसते. जिनातल्या बायांना आम्ही रांगेत उभं केलं होतं. त्याने त्यांना खाली बसवलं, तोंडाला पदर बांधला आणि केसांवर रुईचे कण टाकायला सांगितले. "सांजी घरी आली का माय म्हातारी दिसे," तो म्हणाला. "केस धुतले का पुन्हा माय."

कापसाचा बाजारही दुरुस्त झाला. आम्ही हर्रासाचा देखावा केला होता. पण बंड्यांची रांगही लागलेली असायला हवी होती. ही चूक इतिहासाच्या मैत्रिणीने काढली, आणि रांग किती लांब आणि बैल कुठे सोडायचे हे त्याने सांगितलं. माणसं आम्ही साडेसोळा मिलिमीटर उंचीची केली. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर आणि साधारण माणसाची उंची सारखीच भरते, हे तेव्हा लक्षात आलं. टेबलावर एकूण दोनशे चौदा माणसं आहेत. त्यांतली दोन, आकडे घेतलेली, तिसऱ्या वाघिणीच्या दाराशी आहेत. ती त्याने स्वतः रंगवली.

त्याच वर्षी ८ मेपासून देशभर रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला. आपला निकाल यायचा होता. गावात गाडीची शिट्टी नाही, अशी ती पहिलीच आठवण. मला ती शांतता सुट्टीसारखी वाटली होती. त्याला ती कशी आठवते, हे मी विचारलं. तो म्हणाला, "धक्क्यावर काम नोयतं. त्या महिन्यात उसनं काढलं, ते दिवाळीले फिटलं." एकाच गावातल्या एकाच वर्गातल्या दोन मुलांचा तोच मे महिना.

आज

आज खामगावचा फाटा दीडशे वर्षं पार करून उभा आहे. मोठ्या गाड्यांसाठी आपण अजूनही जलंब किंवा शेगाव गाठतो. खामगावहून पुढे चिखली, देऊळगाव राजा करत जालन्यापर्यंत रूळ न्यावेत ही मागणी आपल्या आजोबांच्या काळापासूनची. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्याला रेल्वे नाही, जिजाऊंच्या सिंदखेड राजाला नाही, लोणारला नाही. १८७०मध्ये लिव्हरपूलला कापूस हवा होता, तर आठ मैल रूळ पडले. घाटावरच्या माणसाला गाडी हवी आहे, तर शंभराहून अधिक वर्षं अर्ज चालू आहेत. टेबलाच्या दक्षिण कडेला स्टेशनापुढे आम्ही रूळ एकदम संपवले नाहीत. टेकडीच्या पायथ्यापर्यंत मोकळी पट्टी ठेवली आहे. पुढच्या तुकड्यांपैकी कुणीतरी ती भरावी.

मेळाव्यानंतर हे मॉडेल शाळेकडेच राहणार आहे, भूगोलाच्या खोलीत. त्यासाठी तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. स्टेशन, जिन-प्रेस, बाजार यांचे जुने फोटो असतील तर आणा. जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटं कुणाच्या आईच्या डब्यात निघाली तर आणा. दुसरं, शाळेतल्या दोन-चार मुलांना दर रविवारी हे चालवायला शिकवेल असा कुणी गावात राहणारा पुढे या. माझे डोळे आता बारीक तारा जोडायला साथ देत नाहीत.

तिसरं सर्वात महत्त्वाचं. मॅट्रिकचं रजिस्टर बाजूला ठेवून आपण आता पाचवीचं रजिस्टर काढलं आहे. त्यात असलेली आणि मॅट्रिकच्या यादीत नसलेली एकोणीस नावं आहेत. त्यांपैकी सहा जण सापडले, दोघे गेले. उरलेल्या अकरा जणांची यादी हॉलच्या दाराशी लावली आहे. ओळखीचं नाव दिसलं तर खाली पत्ता लिहा.

दुपारी चारला पहिली गाडी जलंबहून सुटेल. बटण आठवी 'ब' मधला आपला मित्र दाबणार आहे. वेळेवर या.